बोटवाली प्रत

१

जुनी नाणी गोळा करणारे लोक तुम्ही पाहिले असतील. नाण्यांच्या भावाची जुनी पुस्तकं गोळा करणारा माणूस पाहिला नसेल, तर कधीतरी माझ्या दुकानात या. चहा पाजतो आणि त्या जातीचा एक नमुना गल्ल्यावर बसलेला दाखवतो.

धंदा नाण्यांचाच. पूर्वी दरवर्षी आमच्या व्यवसायाचा एक कॅटलॉग निघायचा. कुठल्या सालचं कुठलं नाणं, त्याचा फोटो, समोर त्याचा भाव. आम्ही दुकानदार त्याला नुसतं 'भावाचं पुस्तक' म्हणायचो. नव्या वर्षाचं पुस्तक आलं की जुनं रद्दीत जायचं. गेल्या सालचे भाव घेऊन करायचंय काय? सगळे मला हेच विचारतात. आमची ही तर पाहुण्यांसमोर सांगते, "लोक शिळं फेकून देतात, आमच्याकडे कपाटात लावून ठेवतात."

पण नाणं जसं टांकसाळीत चुकतं, तसं पुस्तक छापखान्यात चुकतं, आणि मला चूक आवडते. चुकीत माणूस दिसतो. एका वर्षी बांधणाऱ्यानं एक आख्खा फर्मा, म्हणजे पानांचा एक गठ्ठाच, उलटा शिवला होता, तेवढी पानं वाचायला पुस्तक डोक्यावर उभं करावं लागायचं. एका वर्षी ओळी सरकल्या आणि सोन्याच्या मोहरेचा भाव तांब्याच्या नाण्यासमोर पडला. दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक तांब्याची नाणी पिशवीभर घेऊन दारात हजर. "पुस्तकात लिहिलंय," म्हणाला. मी म्हटलं, "मग पुस्तकालाच विका." तो आजतागायत माझ्याशी बोलत नाही. ती प्रत मात्र माझ्याकडे आहे.

या चुका शोधायची एक युक्ती आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एकच पान उघडून शेजारी शेजारी ठेवायच्या आणि डोळे तिरळे करायचे. नजर नाकाच्या शेंड्याजवळ आणली की दोन पानांच्या मधे तिसरं पान तरंगायला लागतं. दोन्ही पानं सारखी असली तर ते तिसरं पान शांत असतं. एखादं अक्षर जरी सरकलेलं असलं तर तेवढंच लुकलुकतं, नाहीतर कागदावरून वर उचलल्यासारखं दिसतं. ओळन् ओळ ताडून बघायला आठवडा लागेल, ते काम चहा निवायच्या आत होतं. मी हे पहिल्यांदा दुकानात केलं तेव्हा एका गिऱ्हाइकानं घाबरून आत आमच्या हिला हाक मारली, "वहिनी, शेठना झटका आलाय!" ही पडद्यामागूनच म्हणाली, "जुना आहे तो. बसा तुम्ही."

ही युक्ती मला भिंगवाल्यांनी शिकवली.

२

भिंगवाले म्हणजे घड्याळजी. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडत बसले, म्हणून ते नाव. माझ्याहून वयानं बरेच मोठे, बोलायला तिखट, मनानं लोण्यासारखे. आमची ओळख भांडणातून झाली. रद्दीवाल्याकडे एकाच भावाच्या पुस्तकाला दोघांनी एकदम हात घातला, आणि दोघांनाही सोडवेना. शेवटी रद्दीवालाच म्हणाला, "दोघं मिळून न्या, पण माझ्या दुकानात मारामारी नको." तेव्हापासून आम्ही मित्र.

पण मी चुका गोळा करायचो आणि भिंगवाले फक्त एकच चूक गोळा करायचे.

एका वर्षीच्या पुस्तकात, बारीक चांदीच्या नाण्यांच्या पानावर, फोटोच्या उजव्या कडेला एक बोटाचं टोक आलं आहे. काळ्या मखमलीच्या ट्रेमधे ओळीनं नाणी मांडलेली, आणि कडेला हे राखी रंगाचं टोक, नखासकट. नाणी मांडणाऱ्यानं हात काढायच्या आत कॅमेऱ्यानं फोटो घेतला असणार. त्या फोटोवरून छपाईचा ब्लॉक तसाच झाला आणि पुस्तक तसंच छापलं गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं. दुसऱ्या छपाईत तेवढा कोपरा काळा करून टाकला. त्यामुळे त्या सालच्या पुस्तकाच्या दोन जाती आहेत. आमच्यातले लोक त्यांना बोटवाली प्रत आणि बिनबोटाची प्रत म्हणतात.

त्या काळात त्या छापखान्यात नाणी मांडायचं काम भिंगवाल्यांच्या पत्नी करायच्या.

वहिनी जाऊन काही वर्षं झाली होती. घरात त्यांचे फोटो होते, लग्नातला होता, लेकीला मांडीवर घेतलेला होता. भिंगवाले त्यांच्याकडे फारसं बघत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "शेठ, त्या फोटोत ती फोटोसाठी बसलीय. इथं ती काम करतेय. तिला माहीतसुद्धा नाही कुणी बघतंय ते." आणि त्या बोटाच्या टोकावर त्यांनी भिंग धरलं.

त्यांना बोटवाल्या प्रती मीच शोधून द्यायचो. मोडीत निघालेली वाचनालयं, कुणाचं कपाट, कुणाचं माळ्यावरचं खोकं. मिळाली की फोन करायचो आणि ते दुपारीच यायचे.

३

त्यांच्या घरी एकदा गप्पा मारताना सहज दोन बोटवाल्या प्रती शेजारी ठेवल्या. हाताला चाळा म्हणून. डोळे तिरळे केले. तिसरं पान आलं. नाणी जागच्या जागी शांत होती. सालं, भाव, सगळं गुळगुळीत.

फक्त बोट पानावरून वर आलं होतं.

मी डोळे चोळले आणि दोन्ही प्रती उजेडाला नेल्या. एका प्रतीत नुसतं नख दिसत होतं. दुसऱ्या प्रतीत नख, आणि त्याच्यामागचं पहिलं पेर जवळजवळ पुरं.

"कटिंगचा फरक," मी म्हटलं. पुस्तक बांधल्यावर कडा कापतात, त्या नेहमी थोड्या कमीजास्त होतात. कमी कापलं की चित्र जास्त दिसतं. हे बरोबर होतं आणि मला बरं वाटलं. मग पट्टी घेतली. बोटापासून सगळ्यात जवळचं नाणं कडेपासून किती लांब आहे ते दोन्हीकडे मोजलं. सारखं. कटिंग सारखंच होतं. बोट मात्र एका प्रतीत नाण्याच्या जास्त जवळ होतं.

एकाच ब्लॉकवरून छापलेली दोन पानं. ब्लॉक जस्ताचा असतो हो. त्यात कोरलेलं बोट पुढे सरकेल कसं?

भिंगवाले माझ्याकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर हसू, कोडं घातलेल्या लहान मुलाला आपल्याला ते सुटत नाहीये हे बघून येतं तसं.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्ही तिसरी प्रत आणलीत तेव्हा." त्यांनी कपाटातून बाकीच्या काढल्या आणि टेबलावर एका रांगेत उघडून ठेवल्या. "मिळाल्या त्या क्रमानं लावल्यात. बघा."

पहिलीत नखाची नुसती कड होती. मग अर्धं नख. मग पूर्ण. मग पेर. जी प्रत मी सगळ्यात शेवटी आणून दिली, तिच्यात बोट सगळ्यात पुढे आलेलं.

मला घाम बिम काही फुटला नाही. खरं सांगतो, मला मजा वाटली. अशी जात आजवर कुणी पाहिली नव्हती. मी शाई पसरते का ते बघितलं, कागद दमट हवेत ताणतो का ते बघितलं, ब्लॉक मधेच तुटून नवा केला असेल का यावर वाद घातला. ते सगळं ऐकून भिंगवाले म्हणाले, "शेठ, तुम्ही ब्लॉकचा विचार करताय. मी विचार करतोय, ती कशाकडे हात करतेय?"

४

पुढच्या आठवड्यात त्यांची लेक दुकानात आली. तिला मी फ्रॉकमधे पाहिलेली. आता दुसऱ्या गावी असते, मोठ्या नोकरीत. आली ती उभीच राहिली.

"काका, रागावू नका, पण बाबांना आणखी एक जरी ते पुस्तक दिलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"बस तरी. काय झालं?"

"घर रिकामं करायचंय. मालकानं इमारत पाडायला दिलीय. मी त्यांना घेऊन जायला आलेय. रविवारी टेम्पो येणार. माझ्याकडे त्यांची खोली तयार आहे, खिडकीशी टेबल लावलंय, दिवासुद्धा त्यांना लागतो तसला आणलाय. आणि ते म्हणतात येत नाही."

"म्हातारपणी घर सोडवत नाही गं कुणाला."

"घराचं नाही काका ते." तिनं पर्स गल्ल्यावर ठेवली आणि खुर्चीत बसली. "काल मी विचारलं, बाबा, का नाही येत? तर म्हणाले, 'तुझी आई येतेय. असं अर्ध्यात टाकून कसा निघू?' अगदी नेहमीच्या आवाजात, जसं काही ती भाजी आणायला गेलीय. जेवत नाहीत. दिवसभर ती पुस्तकं मांडून डोळे तिरळे करून बसतात. मी हाक मारली की बघतात माझ्याकडे, पण त्यांना मी दोन दिसत असेन असं वाटतं."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"ते आईचा हात पुरा दिसेल असं एक पुस्तक शोधताहेत. आईच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता ना, तो दिसला की झालं म्हणतात. मग येतील म्हणे. मला तर असं वाटतं, तो डाग दिसला की ते कधीच येणार नाहीत. काका, तुमचं ऐकतात ते. रविवारी ते माझ्याबरोबर टेम्पोत बसले पाहिजेत. एवढंच करा."

"बसतील," मी म्हटलं. दुकानदाराची जीभ, माल हातात नसताना शब्द देऊन मोकळी.

ती गेली. तिला मी सांगितलं नव्हतं की तिच्या पायाशी, गल्ल्याखाली, आदल्याच दिवशी आलेलं एक खोकं होतं. एका शाळेचं वाचनालय बंद झालं, त्यातलं. त्यात त्या सालचं भावाचं पुस्तक होतं. मी ते अजून उघडलं नव्हतं.

५

उघडलं. नाही कसं उघडणार?

बोट आता दुसऱ्या पेरापर्यंत आलेलं होतं. थोडं वाकलेलं, आणि टोक शेवटच्या नाण्याला टेकलेलं. पण ते नाणं उचलायला आलेलं वाटत नव्हतं. अंधारात चालताना आपण भिंतीला बोट लावत जातो ना, तसं.

मनगट अर्थातच नव्हतं. बोटाच्या मागे नुसती काळी मखमल.

मी बराच वेळ बघत बसलो, आणि मग मला काय खटकतंय ते कळलं. बोट फार छान होतं. निमुळतं, नाजूक, सांध्यावर सुरकुती नाही. मला वहिनींचे हात आठवतात. मी त्यांच्या हातचं पुष्कळ खाल्लंय. कामाचे, रुंद हात होते त्यांचे. घड्याळजी गमतीनं म्हणायचे, "हिचा हात घड्याळाला लावू देत नाही, चावी पिळून काढेल."

पण माणूस तरुणपणी वेगळा असतो, मी स्वतःला समजावलं. आणि फोटोत बोट बारीक दिसतं.

बारीक म्हणजे किती? मी ड्रॉवर उघडला. त्या पानावरचं नाणं माझ्याकडे होतं, चांदीतलं सगळ्यात लहान, गिऱ्हाइकाच्या हातातून पडलं तर फरशीच्या फटीत जाणारं. ते काढून चित्रातल्या नाण्यावर ठेवलं.

चित्रातलं नाणं मोठं होतं. माझ्या नाण्याभोवती चारी बाजूंनी छापलेली कड दिसत होती.

आमच्या पुस्तकांत नाणी मूळ आकारात छापतात. गिऱ्हाइकाला नाणं पानावर ठेवून ताडता आलं पाहिजे, तो आमच्यात दंडकच आहे. म्हणून आम्ही सगळे चित्र बघताना न विचारताच मूळ माप धरतो. भिंगवाल्यांनीही धरलं होतं. मी कपाटातून त्याच सालची बिनबोटाची प्रत काढली, दुसऱ्या छपाईची. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ होती: 'या पानावरील नाणी दुप्पट मोठी करून दाखवली आहेत.' पहिल्या छपाईत ती ओळ टाकायची राहून गेली होती. दोन्ही जातींतला हा फरक मी कितीदा तरी पाहिला होता. 'ओळ नाही, ओळ आहे' अशी नोंदही ठेवली होती. त्याचा अर्थ काय होतो याचा विचार कधी केला नव्हता.

नाणी दुप्पट मोठी, म्हणजे बोटही दुप्पट मोठं.

म्हणजे ते खरं अर्धंच. मी पानावर पेन्सिल आडवी ठेवली. ते बोट खऱ्यात पेन्सिलीहून फार जाड भरलं नसतं.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. आमची ही आतून ओरडली, "अहो, जेवायला येताय की पुस्तक खाताय?" मी पुस्तक मिटलं. मग उगीचच त्याच्यावर वजनाचा काटा ठेवला.

६

शनिवारी दुपारी मी ते पुस्तक आणि ते नाणं घेऊन भिंगवाल्यांकडे गेलो. लेकीनं पुस्तक देऊ नका म्हणून बजावलेलं मोडत होतो हे मला कळत होतं. पण माझा हिशेब सरळ होता. नाणं चित्रावर ठेवून दाखवायचं, ते बोट वहिनींचं असूच शकत नाही हे पटवायचं, आणि रविवारी त्यांना टेम्पोत बसवायचं. घड्याळजी माणूस, मापापुढे मान तुकवेल.

घरात दोरीनं बांधलेली खोकी होती. भिंतींवर फोटो होते तिथं फिकट चौकोन. लेक स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होती, त्याचा चुरचुर आवाज येत होता. माझ्या काखेतलं पुस्तक तिला दिसलं. तिनं नुसता हातातला कागद चुरगळला.

भिंगवाले आतल्या खोलीत टेबलाशी होते. वाळले होते. पण दाढी केलेली, भांग पाडलेला. पाहुणे यायचे असतात तेव्हा करतात तसा.

"आणलंत," ते म्हणाले.

"आधी माझं ऐकायचं." मी नाणं काढलं, चित्रावर ठेवलं. दुसऱ्या छपाईतली ओळ सांगितली, पेन्सिलीचं सांगितलं. सावकाश, गिऱ्हाइकाला पटवतो तसं. "हे एवढंसं बोट आहे, भिंगवाले. हे लहान पोराचं आहे. वहिनींचं नाही."

ते नाण्याकडे बघत राहिले. मान तुकवली नाही.

"छापखान्यात पोरं यायची का?" मी विचारलं.

"नाही. यंत्रं होती. पोरांना आत घेत नसत." मग नाणं बाजूला सारत, "ती कधीतरी बोलली असती मला. एवढंसं पोर कामात मधे मधे हात घालतंय म्हणून. घरी येऊन सगळं सांगायची ती."

"म्हणून म्हणतो, मिटा हे. लेक थांबलीय."

"एकदा बघू द्या. मग मिटतो. शब्द."

त्यांनी त्यांची सगळ्यात पुढची प्रत डावीकडे ठेवली, माझी उजवीकडे. डोळे आत वळवले. मी पानांकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघत होतो. स्वयंपाकघरातला कागदाचा आवाज थांबला होता.

"वर आलंय," ते म्हणाले. "चांगलंच वर आलंय, शेठ. पानाच्या बाहेर."

आणि त्यांनी उजव्या हाताची तर्जनी दोन पुस्तकांच्या मधे, हवेत धरली. काहीतरी चाचपावं तशी.

मी ती तर्जनी जवळून पाहिली. आमच्या धंद्यात जवळून बघायची सवय असते. ती कशालाही टेकलेली नव्हती, खाली टेबल चार बोटं लांब होतं. आणि तिच्या टोकाची कातडी हळूहळू पांढरी पडत गेली. आपण काचेवर बोट दाबल्यावर पडते तशी. मग दोन्ही बाजूंनी पांढरी झाली, पेराच्या वर, पेराच्या खाली, आणि मधे मधे गुलाबी राहिली.

कुणीतरी मूठ आवळली होती. छोट्या मुठीत मावेल तेवढ्यावर.

"हात गरम आहे," भिंगवाले म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. हसू गेलं, पण भीती आली असं नाही म्हणता येणार. बसमधे अनोळखी पोर झोपेत आपल्या अंगावर रेललं की माणूस जसा हलायचा थांबतो, तसे ते थांबले. "शेठ, ही ती नाही."

"मग काढा हात."

"सोडत नाहीये."

मी डावीकडची प्रत खसकन ओढली. दोन पानं दूर झाली, त्यांची नजर सुटली आणि ते खुर्चीत मागे टेकले. लेक दारात उभी होती. ती किती वेळ तिथं होती मला माहीत नाही. तिनं काय पाहिलं ते मी कधी विचारलं नाही.

भिंगवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. "चल," ते लेकीला म्हणाले, "माझ्या बॅगेत काय काय भरलंयस ते दाखव." ती रडायलाच लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डावा हात. दोन्ही पुस्तकं माझ्याकडे सरकवली आणि बाकीच्याही प्रती काढून दिल्या.

रविवारी टेम्पो आला. मीही गेलो होतो. भिंगवाले ड्रायव्हरशेजारी बसले, मला म्हणाले, "शेठ, त्या रद्दीवाल्याकडे माझं नाव सांगत जा, स्वस्त देईल." लेकीनं वाकून मला नमस्कार केला. मी तिला शब्द दिला होता, आणि तो खरा झाला होता. आयुष्यात इतकं साफ काम मी क्वचितच केलं असेल.

७

दुकानात येऊन सगळ्या बोटवाल्या प्रती लावून ठेवायला काढल्या. म्हटलं एकदा त्या रांगेची नीट नोंद करून ठेवू, असं काही पुन्हा मिळायचं नाही.

पहिली उघडली. दुसरी उघडली. मग सगळ्याच.

कुठल्याही प्रतीत बोट नव्हतं. कोपरा काळा केलेला नव्हता, तिथं शाईचा डाग नव्हता, खरवडलेलं नव्हतं. मखमल कडेपर्यंत जात होती, तिचे बारीक तंतूसुद्धा दिसत होते. पानाच्या तळाशी ती दुप्पट मापाची ओळ नव्हती, म्हणजे प्रती पहिल्या छपाईच्याच होत्या. मी दोन शेजारी ठेवल्या, डोळे तिरळे केले. तिसरं पान आलं. नितळ, शांत. कुठं काही लुकलुकलं नाही. वही मिटली, पेन जागच्या जागी ठेवलं.

दुसऱ्या गावच्या एका व्यापाऱ्याला फोन करून त्याच्याकडची प्रत बघायला सांगितली. तो म्हणाला, "शेठ, चेष्टा करताय का? असली काही जात असते हे मी पहिल्यांदा ऐकतोय." दोन वर्षांपूर्वी त्यानंच मला ती प्रत दाखवून मिरवलं होतं.

महिन्याभरानं लेकीचा फोन आला. आवाज मोकळा. भिंगवाले मजेत होते. पोटभर जेवतात, खिडकीशी बसून शेजाऱ्यांची घड्याळं दुरुस्त करतात, पुस्तकाचं नावसुद्धा काढत नाहीत. संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जातात.

"तुमचे उपकार आहेत काका," ती म्हणाली. "फक्त चालणं फार हळू झालंय. एवढी एवढी पावलं टाकतात. आणि चालताना उजवं बोट असं बाजूला, जरा खाली धरून ठेवतात. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वयाप्रमाणे होतं."

"होतं गं," मी म्हटलं. "म्हातारं माणूस. दम लागत असेल."

"मीही तेच विचारलं त्यांना. काल मधेच बाकावर बसले, तेव्हा म्हटलं, बाबा, दमलात का?"

"मग?"

"म्हणाले, 'मी नाही.'"